आयझॅम सुताराची सुनावणी

१८५२, ऑक्टोबरची सात तारीख. सकाळपासून ओहायो नदीवर दाट धुकं, अधूनमधून बारीक पाऊस.

“म्हणजे मी चूक केली, असंच ना, मास्तर?”

सायलस हॅलेटने हे तिसऱ्यांदा विचारलं. वकिलीत नाव काढलेला, वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये, देशाच्या कायदेमंडळात बसणारा माणूस. पंचवीस वर्षांपूर्वी याच खोलीत तो ओबेद क्रेन यांच्या हाताखाली कायदा शिकला होता. क्रेनना अख्खं गाव मास्तर म्हणे. आता ते एक्याऐंशीचे होते.

टेबलावर हॅलेटने लिहून आणलेलं पत्र होतं. ‘या माणसाला मी ओळखतो. त्याच्या सचोटीची ग्वाही देतो.’ खाली सहीची जागा कोरी. मंगळवारी त्याच्या जागेसाठी मतदान होतं. निम्मं गाव हॅलेटवर बिथरलेलं. मास्तरांची सही दिसली तरच ते वळणार होतं.

“मी एका कायद्याला मत दिलं,” हॅलेट म्हणाला. “पळून आलेल्या गुलामाला मालकाकडे परत पाठवायचा कायदा. आपल्या गावच्या आयझॅम सुताराला काही मी पकडलं नाही. ऑगस्टमध्ये त्याला धरला, तेव्हा मी गावात नव्हतोसुद्धा.”

“भिजलायस. कोट काढून ठेव.”

“मास्तर, उत्तर द्या ना.”

“वॉशिंग्टनला जाऊन घाई तेवढी शिकलास.” मास्तरांनी काठीने कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. “बस तिथं.”

शिकाऊ पोरं बसायची ते स्टूल. हॅलेट हसला. “या वयात?”

“बस रे. गुडघे माझे दुखतात, तुझे नाहीत.”

तो बसला.

मास्तर काठी टेकत समोर उभे राहिले. आवाज एकदम कोर्टातला झाला.

“मी नदीपलीकडच्या केंटकीचा जमीनदार. हा माणूस माझा. माझ्याकडून पळून आला. हे माझं शपथपत्र.” त्यांनी रिकामा हात पुढे केला.

“साफ खोटं! मी जन्मापासून—”

मास्तरांनी तोच हात वर केला.

“तुला बोलता येत नाही.”

“का म्हणून?”

“कलम सहा. पकडलेल्या माणसाची साक्ष घ्यायची नाही. मत दिलंस ना? वाचलं नव्हतंस?”

पण हॅलेट वकीलच. त्याने लगेच वाट काढली.

“ठीक. माझा साक्षीदार बोलेल.”

“कोण?”

“तुम्ही. तुम्ही मला पंचवीस वर्षं ओळखता.”

मास्तर हळूहळू जाऊन आपल्या खुर्चीत बसले. दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले…

बाहेर पन्हळीतून पाणी ठिबकत होतं.

“मास्तर?”

…

“अहो, नुसतं म्हणायचंय, मी याला ओळखतो! एक वाक्य. एवढंही नाही बोलणार?”

मास्तर खुर्चीत अंग आवळून बसले. हॅलेटला वाटलं, म्हाताऱ्याला थंडी भरली. तो उठून शाल घ्यायला वळला.

“आयझॅमला मी नऊ वर्षं ओळखत होतो,” पाठीमागून आवाज आला. “आमची ही गेली, तेव्हा शवपेटी त्यानेच केली. तिची उंची विचारावी लागली नाही त्याला.”

हॅलेट शाल घेऊन परत वळला.

त्याने शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि पत्र उचलायला हात पुढे केला. सहीविनाच ते खिशात घालून निघावं, एवढंच आता त्याच्या मनात होतं.

मास्तरांनी आधीच पत्र ओढून घेतलं. टाक दौतीत बुडवला. एकेक अक्षर सावकाश काढत त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, शाई वाळेपर्यंत थांबले, आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

हॅलेटने पत्राला हात लावला नाही.

“मग… सही का केलीत, मास्तर?”

मास्तर खिडकीबाहेर, नदीकडे पाहत होते.

“आयझॅमची सुनावणी सतरा मिनिटं चालली,” ते म्हणाले. “दुपारच्या बोटीने त्याला पलीकडे नेलं. मी दुसऱ्या बाकावर बसलो होतो. साक्षीला उठलो नाही.”