न गळलेली नाव

उस्मानी सुलतानांच्या जमान्यात फुरात म्हणजे युफ्रेटिस नदीकाठी सरकारी नावा बांधत, आणि त्यासाठी गावोगावचे सुतार धरून आणत. त्यांतला हागोप नावेच्या फटींत काथ्या ठासता ठासता म्हणाला, "आगा, घरी कधी सोडाल?"

"नाव तरंगली की," मुकादम म्हणाला.

ते ऐकून नावेला कळवळा आला. हागोपचा जुना हातोडा तिला म्हणाला, "पोरी, पाण्यात उतरलीस की थोडी गळ."

"भलतंच काय! मी नीट तरंगले तरच तो सुटेल."

नावेनं अंग असं आवळून धरलं की थेंब आत आला नाही. मुकादम खूश झाला. "असा कारागीर कोण सोडतो? याला पुढच्या नावेवर घ्या!"

नाव मागे वळायला धडपडली. पण दोर सुटला होता, आणि तिथून प्रवाहाबरोबर खाली गेलेली नाव त्या जोराच्या धारेविरुद्ध कधी परत येत नसे.