हात नसलेले पाहुणे

एकदा एक शिष्य गांडुळांना पोटभर जेवू घालायला निघाला, आणि त्या खटाटोपात एका बाईचे राहते छप्पर जाता जाता वाचले. ऐकताना हसू येईल, येऊ द्यावे. त्याला मात्र पुढे कित्येक वर्षे ही आठवण निघाली की मान वर करता येत नसे.

डोंगराच्या उतारावर एक लहानसा आश्रम होता. तिथल्या वृद्ध आचार्यांना सगळे बाबा म्हणत. नव्वदी उलटल्यावर त्यांनी वय मोजणे सोडून दिले होते. रोज दुपारी तीसेक माणसांची पंगत बसे. स्वयंपाक तानाक्का करी. साठीची बाई, जिभेने तिखट, हाताला चव. वाढण्याचे काम या शिष्याकडे होते.

आश्रमात जेवताना मौन पाळण्याचा नेम होता. नको असेल तर पानावर आडवा हात धरायचा, एवढीच भाषा. पण शिष्य त्या हाताला दाद देत नसे. मनगटाखालून पळी सरकवी, बोटांच्या फटींतून आमटी सोडी, आणि कोणी दोन्ही हातांनी पान झाकलेच, तर त्या हातांवर पुरणपोळी ठेवून तिच्यावर तूप वाढी. एकदा एक सडपातळ तलाठी दर्शनाला आले होते. परतताना ते एसटीच्या दारातून आत जाईनात, तेव्हा कंडक्टरने त्यांना टपावरच्या सामानात जागा दिली, असे सांगतात. मी निम्मे वगळूनच सांगतो आहे. पंगतीतून उठलेले पाहुणे पोटावर हात फिरवत म्हणत, "काय आग्रह हो तुमचा!" आणि हे चार शब्द ऐकून शिष्याचे स्वतःचे पोट भरे. पानांवर टाकलेले अन्न मात्र घमेल्यांनी ओढ्यात जाई.

पुढे खालच्या वाडीतल्या बायका तक्रार घेऊन आल्या. ओढ्याला वास सुटला होता. बाबांनी शिष्याला बोलावले.

"आपले उष्टे दुसऱ्याच्या पाण्यात जाते, हे बरे नव्हे. एक पेटी कर आणि गांडुळे पाळ. पाडव्यापर्यंत ती नांदती ठेवलीस, तर कोठीघर तुझ्या हाती देईन."

कोठीघर हाती येणे म्हणजे आश्रमाच्या अन्नाचा कारभार हाती येणे. शिष्य बारा वर्षे याच शब्दांची वाट पाहत होता.

त्याने कामात कसूर केली नाही. आंब्याची जुनी लाकडी पेटी घेतली, तिच्या तळाला भोके पाडली. आत नारळाच्या शेंड्या अंथरल्या, त्यांवर वाळका पाला, फाडलेले वर्तमानपत्र आणि मुरलेले शेण. पाणी इतकेच शिंपडले, की मुठीत दाबल्यावर दोन थेंब गळावेत. वर ओले गोणपाट. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटी चार विटांवर ठेवली आणि प्रत्येक वीट पाणी भरलेल्या मातीच्या पसरट परळात. मग वाडीतल्या गोठ्यामागून ओंजळभर लाल गांडुळे आणून त्यात सोडली.

"साली द्याव्यात, देठ द्यावेत, चहाचा चोथा द्यावा," बाबा म्हणाले. "मीठ, तेल, तिखट नको. आणि कालचे संपल्यावाचून आजचे देऊ नकोस."

शिष्याने मान डोलावली. पण तेव्हा तो मनात कोठीघराची फडताळे लावत होता.

तानाक्का दारातून हे सगळे बघत होती. "आता किड्यांना निवद!" ती म्हणाली. "भाऊ, ते तुमचे पाहुणे माझ्या चुलीकडे आले ना, तर एक दिवस उकळतं पाणीच ओतते त्यांच्यावर." सगळे हसले. शिष्यही हसला.

पहिले आठ दिवस पेटी छान चालली. दुधी भोपळ्याची साल दोन दिवसांत दिसेनाशी होई. पण शिष्याच्या मनाला एक गोष्ट टोचू लागली. दारी आलेल्याला साली वाढायच्या? आजवर त्याच्या हातून असे कधी झाले नव्हते. मग एका सणाच्या दिवशी त्याने पानांवरची जिलेबी पेटीत घातली. दुसऱ्या दिवशी मसालेभात, तिसऱ्या दिवशी तुपासकट पुरणपोळी, आणि तोंडाला चव यावी म्हणून लोणच्याचा खार. गोणपाट उचलून बघावे तर कालचे तसेच पडलेले. तेव्हा बाबांचे सांगणे आठवायला हवे होते. त्याऐवजी हा गृहस्थ स्वतःशी म्हणाला, "लाजतात बिचारी. आग्रह केल्याशिवाय कोण खातं?" आणि त्याने आणखी एक पळी वाढली.

चौथ्या आठवड्यात पेटीला असा आंबूस वास सुटला, की म्हणे आश्रमाची गाय तोंड फिरवून उलटी चालू लागली. शिष्याने सकाळी गोणपाट उचलले. आत एकही गांडूळ हलत नव्हते. मग त्याची नजर खाली गेली. चारही परळांच्या पाण्यात गांडुळे बुडून पडली होती, लाल सुतळीचे तुकडे सांडावेत तशी.

तेवढ्यात मागून बाबा आले. त्यांच्यासोबत दोन-चार माणसेही होती.

"काय झाले रे?"

खरे सांगायला एक क्षण पुरला असता. पण त्या क्षणात शिष्याला कोठीघराचे बंद दार दिसले.

"बाबा, कोणीतरी उकळते पाणी ओतलेले दिसते."

नाव त्याने घेतले नाही. घ्यावे लागलेच नाही. सगळ्यांच्या माना एकदम स्वयंपाकघराकडे वळल्या. मग एकाने विचारले, "तानाक्का इकडे आली होती का?" आणि शिष्य म्हणाला, "तपेलं घेऊन येताना पाहिली होती खरी."

तानाक्का हात पुसत बाहेर आली. "मी? अहो, मी बोलते तेवढं करत असते, तर तुम्ही सगळे केव्हाच उकडून निघाला असता!"

या वेळी कोणी हसले नाही. तिने एकेका चेहऱ्याकडे पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बरं. माझ्या पाण्याचा भरवसा नाही, तर माझ्या आमटीचा तरी कशाला धरता? उद्या दुपारी एकची एसटी धरते."

एसटी धरून ती भाच्याकडे जाणार होती. भाच्याच्या एका खोलीत पाच माणसे राहत, आणि सहाव्याला तिथे कोणी बोलावले नव्हते. हे आश्रमात सगळ्यांना ठाऊक होते.

बाबांनी वाकून परळातले एक गांडूळ चिमटीत उचलले, बराच वेळ पाहिले आणि परत ठेवले. मग ते आपल्या खोलीकडे निघून गेले.

त्या संध्याकाळी तानाक्काने शिष्याला रोजच्यासारखीच भाकरी वाढली. "घ्या भाऊ, गरम आहे." तिचे डोळे सुजलेले होते. त्याने भाकरी मोडली आणि तशीच पानात ठेवली. आपल्याला ताप आला आहे अशी त्याने स्वतःची समजूत घालून पाहिली. कपाळ गार होते. कान तेवढे जळत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाने मांडली गेली. बाबा म्हणाले, "आज मी वाढणार. तू बस."

शिष्य पंगतीच्या मधोमध बसला. बाबांनी खांद्यावरचे उपरणे काढले, त्याच्या मागे जाऊन त्याचे दोन्ही हात पाठीशी घेतले आणि घट्ट बांधले. पंगतीला काही कळेना. मग त्यांनी भाताचे पातेले उचलले आणि वाढायला सुरुवात केली. एक मूद, दोन मुदी, दहा. वर वरण, वर आमटी, वर जिलेबी, वर लोणचे. शिष्याने मान हलवली. बाबांनी आणखी वाढले. भाताचा ढीग त्याच्या हनुवटीला टेकला. पंगतीच्या टोकाला बसलेल्यांना त्याचे फक्त कपाळ दिसत होते. मौन असल्यामुळे लोकांचे हसू नाकावाटे बाहेर पडत होते. आमटीचा ओघळ शिष्याच्या मांडीवर आला. चटका बसला, पण हात बांधलेले.

मग बाबांनी पातेले खाली ठेवले आणि पंगतीत कधीही न मोडलेले मौन मोडले.

"या माणसांना हात होते. ते रोज आडवे धरत होते, तरी तू थांबला नाहीस. मग ज्यांना हातच नाहीत, त्यांचे कसे ऐकणार? ज्याला आपण आग्रह म्हणतो, त्यात समोर कोणीतरी असावे लागते. तुझ्यासमोर आजवर कोणी नव्हतेच. तू होतास आणि तुझी पळी होती. भूक न विचारता जो वाढतो, तो पानात स्वतःलाच वाढतो."

त्यांनी पळीही खाली ठेवली.

"पेटीचे काय झाले, ते तुला ठाऊक आहे. मी तुझे हात बांधले आहेत, तोंड नाही."

शिष्याने वर पाहिले. स्वयंपाकघराच्या दारात तानाक्का उभी होती. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्यात गाठोडे.

"आक्काने काही केले नाही," तो म्हणाला. मग टोकाच्या पानापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला, "तिने पाणी ओतले नाही. ती पेटीकडे फिरकलीसुद्धा नव्हती. मी नको ते वाढले, नको तेवढे वाढले. गांडुळे जीव घेऊन पळाली. आणि मी खोटे बोललो."

आता कोणाच्या नाकावाटेही हसू येत नव्हते. काल स्वयंपाकघराकडे वळलेल्या माना आज आपापल्या पानांवर वाकल्या.

तानाक्काने ट्रंक खाली ठेवली. पण ती शिष्याकडे वळली नाही, बाबांकडे वळली.

"बाबा, तुम्हाला कालच कळलं होतं?"

"हो. उकळत्या पाण्यातून कोणी चालत परळापर्यंत येत नाही."

"मग काल का नाही बोललात? एक दिवस मी चोरासारखी फिरले इथं. गाठोडं बांधलं!"

पंगत गोठली. बाबांशी असे कोणी बोलत नसे. बाबांचा चेहरा उतरला.

"त्याने आपणहून बोलावे, म्हणून वाट पाहिली," ते म्हणाले. "त्याला शिकवायच्या नादात त्याचा भार तुझ्या डोक्यावर दिला. तुला सोसेल का, हे मीही विचारले नाही. चुकलो मी." आणि त्या नव्वदीपलीकडच्या माणसाने स्वयंपाकिणीपुढे हात जोडले.

तानाक्काने गाठोडेही खाली ठेवले. मग पुढे येऊन तिने शिष्याच्या हातांची गाठ सोडली.

"एसटी गेली माझी," ती म्हणाली. "आणि या भाताला हात लावू नका. अजून उष्टा झालेला नाही. वरचा ओला काढून गाईला घालते, बाकीच्याला संध्याकाळी फोडणी देते. सगळ्यांनी मुकाट्याने खायचा."

संध्याकाळी सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी शिष्य वाडीत जाऊन पुन्हा ओंजळभर गांडुळे घेऊन आला. पेटी त्याने धुतली, नव्याने भरली. रोज सकाळी तो गोणपाटाचा कोपरा उचले, कालचे संपले का ते पाही, आणि संपले नसेल तर साली हातात घेऊन तसाच परत फिरे. पाडवा आला आणि गेला. कोठीघराचा विषय बाबांनी काढला नाही, त्यानेही काढला नाही.

तानाक्का आश्रमातच राहिली. तिने त्याला क्षमा केली की नाही, हे तिने कधी सांगितले नाही. त्याने एकदा विचारले होते. ती चुलीकडे वळून लाकडे सारू लागली. त्याने दुसऱ्यांदा विचारले नाही.