शंभर आवाजांचा कोल्हा

पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी शंखपूर नगरात दृढधर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कोल्ह्याच्या योनीत जन्मले होते. नगराबाहेर कुंभारांची एक पडकी भट्टी होती. तिच्या पोटात ते, त्यांची कोल्ही आणि चार पिल्ले राहत.

राजाने कोल्हे मारण्याची आज्ञा दिली होती. कोल्हे मरत, पण संपत नसत. उरलेल्यांनी आपली रीतच बदलली. शिकार मिळेना तेव्हा त्यांनी बोरे खाल्ली, उंबरे खाल्ली, स्मशानातले पिंड खाल्ले. शिकारी रात्री जागू लागले, तसे ते भर दुपारी हिंडू लागले. आणि मुख्य म्हणजे त्यांनी ओरडणे सोडले. ज्या नगराला सांजेची कोल्हेकुई नकोशी झाली होती, त्याच नगराला आता ती शांतता खायला उठे.

भट्टीपलीकडच्या खाणीतून उत्पला नावाची कुंभारीण रोज माती आणी. तिचे चार महिन्यांचे मूल सोबत असे. पहिल्या भाजणीत तडकलेला रांजण कुंभार टाकून देत नसत. घरातल्या पहिल्या मुलाचा तो पाळणा होई. तसा एक अर्धा रांजण तिने गवत अंथरून खाणीच्या काठावर ठेवला होता. पाटीभर माती खणली की ती वर येई आणि मुलाच्या नाकाशी बोट धरी. बोटाला श्वास जाणवला की पुन्हा खाली उतरे.

सासू म्हणे, “अगं, किती बोट लावशील? एक दिवस नाक झिजेल त्याचं.”

पण उत्पलेच्या भीतीला आता चेहरा आला होता. परतताना एक कोल्हा तीस पावले मागून चाले. ती थांबली की थांबे. दात दाखवत नसे, गुरगुरत नसे. ती वाटेवरच्या उंबरापाशी पोहोचली की तो खाली बसे आणि दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाहत राही.

“त्याचं लक्ष बाळावर आहे, आत्याबाई.”

“कशावरून?”

“मी बघते ना, अगदी तसंच बघतो.”

शेवटी ती राजाचा शिकारी रोहंत याच्याकडे गेली.

“बीळ कुठंय?” त्याने विचारले.

“नेमकं नाही ठाऊक. खाणीच्या बाजूला कुठंतरी.”

“मग काय सगळं रान चाळू? एकदा ओरडू दे त्याला. आवाजामागून जायचं नि बिळात धूर घालायचा. उद्या टेकडीवर बसतो मी.”

दुसऱ्या दिवशी उत्पलेला ऊन कलायच्या आत घर गाठायचे होते. काठाखालची माती लोण्यासारखी असते, लवकर निघते. पण डोक्यावर दरड ठेवून खणू नये, हे कुंभाराघरी पोरेसुद्धा जाणतात. घाईत तिने तेच केले. दरड सुटली आणि ती छातीपर्यंत मातीत गाडली गेली. श्वास कसाबसा येत होता. हाक मारायला तो पुरेना.

वर काठावर रांजणाची कड दिसत होती. सावल्या लांबल्या. मग त्या कडेशी कोल्हा आला. त्याने खाली तिच्याकडे पाहिले, आणि मान रांजणात घातली.

त्यानंतर आवाज सुरू झाला. आधी एक, त्यातून दुसरा फुटला, मग खाणीच्या भिंतींतून दहा, वीस. हसल्यासारखे, रडल्यासारखे, तान्ह्याने कळवळावे तसे. चहूकडून. उत्पलेने डोळे मिटले. त्या कल्लोळात तिला मुलाचे खिदळणे ऐकू आले, आणि त्या हसण्याने ती अधिकच गार पडली.

टेकडीवरून रोहंत आणि त्याची माणसे धावत आली. ती अगदी जवळ येईपर्यंत कोल्हा ओरडत राहिला. मग भट्टीकडे न वळता उघड्या माळावरून तो नदीकडे पळाला. एक बाण त्याचा कान फाडून गेला.

उत्पलेला बाहेर काढले. बोटे चिखलाने भरली होती, म्हणून तिने मुलाच्या नाकाशी गाल नेला. ऊब लागली.

“शंभर तरी होते,” रोहंत म्हणाला.

उत्पला खाली पाहत होती. कुंभारणीला मातीवरचा ठसा वाचता येतो. रांजणाभोवती पावलेच पावले होती, फेऱ्यावर फेऱ्या. पण प्रत्येक फेरीत डाव्या मागच्या पायाचे एक नख तुटलेले. ते शंभर जण म्हणजे एकच प्राणी होता. आणि त्याची वाट सरळ पडक्या भट्टीतून आली होती. भट्टीच्या तोंडाशी मातीत बोटाएवढे ठसे उमटले होते.

मग तिला कळले. तो तिच्या मागे येत नव्हता. तिला आपल्या पिल्लांपासून दूर पोहोचवत होता. आणि आज त्याच पिल्लांच्या दाराजवळ उभे राहून त्याने ओरडून माणसे बोलावली होती.

“आला कुठून ते दाखव,” रोहंत म्हणाला, “बाकीचं मी बघतो.”

उत्पलेने मातीची जड पाटी उचलली नाही, घरी निघाल्यासारखी त्या वाटेवरून भट्टीपर्यंत ओढत नेली. मागे एकही पाऊल उरले नाही.

“तुम्हीच पाहिलंत ना, नदीकडे गेला,” ती म्हणाली.

त्या सांजेला मूल घरी एकटेच बराच वेळ ओरडत राहिले, चार-पाच आवाजांत.

“हे कुठून शिकलं हे?” सासूने विचारले.

दुसऱ्या दिवशी तीस पावलांवर फाटक्या कानाचा कोल्हा होता. तिने मागे वळून पाहिले नाही. फक्त पावले सावकाश टाकली.

एवढे सांगून शास्ते, भिक्खूंचे गुरू, थांबले. समोर एक तरुण उपासिका बसली होती. मांडीवर निजलेले मूल, आणि तिचे बोट मुलाच्या नाकाशी.

शास्ते म्हणाले, “तेव्हाचा शिकारी आज भिक्खू सोणुत्तर आहे. सासू तुझ्या शेजारीच बसली आहे. कुंभारीण तू होतीस, आणि कोल्हा मी.”

“आणि ते मूल?”

“तुझ्या मांडीवर आहे. बोट काढलेस तरी ते श्वास घेईल.”

उपासिकेने बोट काढले. ते कुठे ठेवावे, हे तिला काही वेळ सुचेना.

परक्याच्या पिल्लासाठी आपल्या पिल्लांचे दार उघडे टाकणे, याला मैत्री म्हणतात.