मामलेदाराची कणगी

सह्याद्रीच्या कड्यावर धाकलू धनगर होता नि त्याची सून ठकी. उन्हाळ्यात म्हशी तहानेनं मरत, म्हणून कातळात पाण्याचं टाकं खोदायला तो मामलेदाराची परवानगी मागे. आषाढात उत्तर मिळालं, "एवढं धो धो पाणी, टाकं कशाला?" चैत्रात मिळालं, "थेंब नाही, टाक्यात भरशील काय?" धाकलूला कळेना, मागायचं तरी कधी.

ठकी त्याला घेऊन मामलेदाराच्या अंगणात गेली. म्हणाली, "साहेब, तुमची धान्याची कणगी मला द्या."

धाकलू आणखीच गोंधळला. पाणी सोडून ही कणगी काय मागते?

ठकी पुढे म्हणाली, "सुगीत खळ्यावर रास असते, तेव्हा कणगी कशाला? आषाढात शेतात दाणा नसतो, तेव्हा भरणार काय?"

मामलेदार हसला. "वेडे, सुगीचं आषाढात खायला कणगी लागते."

"आमचंही आषाढाचं चैत्रात प्यायचं आहे, साहेब."

मामलेदारानं टाक्याच्या परवानगीवर सही केली. पुढच्या चैत्रात धाकलूच्या म्हशी दारातच पोटभर प्यायल्या.