गोजराचं परस

एका राज्यात राजा होता, पण सिंहासनापुरता. खरी सत्ता काळकेतू मांत्रिकाची, कारण मंडई त्याची. त्याचं वांगं घागरीएवढं. त्याच्या काकडीवर बसून मी स्वतः नदी ओलांडली आहे, म्हणून खात्रीनं सांगतो. पण त्या भाजीला शाप होता. नाणं मोजलं, की तिचं सत्त्व नाण्यासोबत मांत्रिकाच्या पेटीत जाई. लोक पोटभर खात आणि वाळत जात.

त्या नगरीत गोजरा बुरडीण सुपं विणी. दिवेलागण झाली, की तिच्या सात वर्षांच्या लेकीला, ठकूला, दिसेनासं होई. भिंत चाचपत ती आईपर्यंत येई. काळकेतूची भाजी खाणाऱ्या घरोघरच्या लेकरांची हीच गत.

एक साळुंकी सुपावर बसली आणि बोलली. तेव्हा साळुंक्या बोलत. त्यात विशेष काही नव्हतं.

"न विकलेलं बी, कुणाला नको असलेलं पाणी, नांगर न शिरलेली जमीन. या तिहींतून उगवेल ते लेकीला खाऊ घाल. तिला दिसेल, शाप तुटेल."

राजाच्याही कानी हे गेलं. नको असलेलं पाणी म्हणून प्रधान खारा समुद्र आणायला निघाले. ते अजून वाटेतच आहेत.

गोजरा वेशीबाहेरही गेली नाही. बी विकायचं नसतं, पदरात घालायचं असतं, ही बायकांची जुनी रीत. एका शेजारणीनं राखेत घोळलेलं दोडक्याचं बी दिलं, दुसरीनं चवळीचं, तिसरीनं शेवग्याची फांदी. भांडी घासलेलं पाणी मोरीबाहेर साचत होतं. गोजरानं चर खणून ते मागच्या दारी नेलं. तिथं जागा चार सुपांएवढी. नांगर आणला असता, तर बैल चुलीपाशी उभा राहिला असता. तिनं खुरप्यानं भुई उकरली.

शेवगा फुटला, तसा काळकेतू कुंपणाशी आला. खरकट्या पाण्याच्या पाल्याला तो आधी हसला. मग मोहरांची थैली पुढे केली.

"एक जुडी वीक."

"खरकटं माझ्या घरचं आहे, महाराज. विकायचं नाही. ओंजळ पुढे करा, फुकट घालते."

मागायची विद्या मात्र त्याला येत नव्हती. तो तसाच परतला.

गोजरा रोज पाला शिजवून लेकीला घालत राहिली. चाळिसाव्या दिवशी, अंधारून आल्यावर, दिवा लावायच्या आधी, ठकू तिच्याकडे टक लावून म्हणाली, "आई, तुझा एक केस पिकलाय."

त्याच क्षणी मांत्रिकाची पेटी फुटली. सत्त्व हिरव्या राव्यांच्या रूपानं उडालं आणि घरोघर उतरलं. काळकेतूचा मुळा झाला, तोही जून.

राजा पायी आला. अर्धं राज्य देऊ लागला.

"मला दोडक्याचा मांडव घालायचाय," गोजरा म्हणाली. "अर्धं राज्य कोण सांभाळील? शेला पसरा."

राजानं शेला पसरला. तिनं त्यात मूठभर चवळी घातली, आणि राजवाड्याच्या मोरीलाही चर लागला. पुढे भाजीच्या वाचल्या पैशांतून गोजराकडे दुभती शेळी आली. तिन्हीसांजेला ठकू एकटीच परसात जाई, चवळीच्या शेंगा खुडून आणी, आणि गोजरा दारात ताठ मानेनं बघत राही.

ठकूची सांज उजळली, तशी ऐकणाऱ्यांच्या लेकरांची उजळो.