काळपट उतरलेली लड

पूर्वी गोदाकाठच्या एका नगरात उदयभद्र राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व विणकराच्या कुळात जन्मला होता. नाव शीलक. राजकन्येच्या लग्नाचा वेलबुट्टीचा शेला त्याच्या मागावर होता. तो वेळेवर उतरला, की विणकरांचे प्रमुखपद शीलकाला मिळायचे होते.

शेल्याचे सूत चुल्लक रंगारी रंगवी. मंजिष्ठेचा लाल रंग काढावा तर त्यानेच! पण शेवटची लड काळपट उतरली, आणि चुल्लकाने कपाळाला हात लावला. मंजिष्ठ तीच, तुरटी तीच. मग रंगाला झाले तरी काय?

"होणार काय!" कोठारप्रमुख तिरिट गरजला. "राजाची मंजिष्ठ विकली आणि तिच्याजागी कसल्याशा साली उकळल्या. चोर आहे हा!"

राजाने आज्ञा केली, सूर्यास्ताच्या आत चुल्लकाने बायकापोरांसह नगर सोडावे. ऐकताच शीलक त्याच्या घरी धावला.

"रडायला जन्म पडलाय, बाबा. आधी सांग, या खेपेला वेगळं काय केलंस?"

"काही नाही, दादा. शपथ!"

"भांडं?"

"तेच, तांब्याचं."

"ढवळणी?"

"तीही तीच. तडा गेला म्हणून लोहाराकडून कडं तेवढं बसवलं." बोलता बोलता चुल्लकाने जीभ चावली. "अरे देवा! लोखंडाने लाल रंग काळवंडतो, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी कसा विसरलो?"

दोघे ढवळणी घेऊन राजापुढे गेले. कड्याने लाल रंग काळवंडतो हे उकळून दाखवायला शीलकाने घरी उरलेले लाल सूत पुढे केले, तर तिरिट म्हणाला, "हे तुझ्या घरचं. राजाच्या मंजिष्ठेचं कशावरून?"

त्या मंजिष्ठेचे म्हणून तिरिटालाही मान्य असलेले सूत आता फक्त शेल्यात होते. नवे रंगवायला वेळ नव्हता. शीलकाने कात्री मागवली.

"दादा, नको," चुल्लक कळवळला. "तुमचं पद जाईल."

"जाऊ दे. तुझी पोरं रस्त्यावर येतायत."

राजालाही आता राहवेना. तो स्वतः मागापाशी आला. शीलकाने विणलेला पदर कापला, स्वच्छ पाणी उकळून त्यात पदर आणि ढवळणी घातली. राजा वाकून बघत राहिला. पाहता पाहता लाल वेली काळवंडल्या, थेट त्या लडीसारख्या.

"हा चोर नव्हे रे, वेंधळा आहे!" राजा म्हणाला आणि त्याने शिक्षा मागे घेतली.

राजकन्या दुसऱ्या विणकराच्या शेल्यात बोहल्यावर चढली, पदही त्यालाच मिळाले. शीलकाला वाईट वाटले नाही असे नाही. आपल्या हाताने विणलेले कापताना कोणाला वाटत नाही? पण त्या संध्याकाळी चुल्लकाच्या घरी चूल पेटली होती.

एवढी कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, सोबत्यावर अंगावरचे चीवर चोरल्याचा आळ घेणारा तुमच्यातला भिक्षू तेव्हा तिरिट होता. आळ सोसणारा चुल्लक होता. निवाड्याला बसलेले वृद्ध स्थविर राजा होते, आणि शीलक मी होतो."

आळ घेणारा उठला आणि सोबत्याच्या पाया पडला. दोष देण्याआधी विचारणारी, आणि त्यापायी स्वतःचे गमावायला तयार असणारी बुद्धी, तिलाच प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता, म्हणतात.