एकेका तासाचं गणित

फार पूर्वी धरणावरच्या एका संगणकात एक लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्रामचा तुकडा, राहत होता. तासातासाची पाणीपातळी काढणं हे त्याचं काम. आधीच्या तासाचं उत्तर हाती आल्याशिवाय त्याला पुढचं काढता येत नसे.

एकदा प्रोग्राम संगणकाच्या भाषेत उतरवणारा कंपायलर म्हणाला, "वेळ वाचव. आता चार तासांची उत्तरं एकदम काढ."

लूप म्हणाला, "दादा, उत्तर चुकेल. खाली गाव आहे."

"तासांचा एकमेकांशी संबंध नाही, असा पर्याय प्रोग्राम लिहिणाऱ्या रेवतीबाईंनी लावलाय. तो लावला की मी तपासत नाही."

लूप जुन्याच उत्तरावरून चार-चार तासांची पातळी काढत गेला. पाणी चढत होतं, उत्तर मात्र कमीच येत होतं. रेवतीने खिडकीतून धरण पाहिलं, तर पाणी उत्तरापेक्षा कितीतरी वर होतं. घाईघाईने तिने तो पर्याय काढून टाकला. खरं उत्तर आलं, दरवाजे उघडले.

दुसऱ्या लूपला तोच पर्याय लावताना तिचा हात थबकला. "तुझं कसं? तुला आधीचं उत्तर लागतं का?" तिने विचारलं.